मेंदूतील निवासी स्मृतिपेशी

संसर्ग ओसरल्यावरही मेंदू, मज्जारज्जू किंवा चेतागुच्छिकांमध्ये (चेतापेशींच्या गाठींमध्ये) मुक्काम करून राहणाऱ्या टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. इतर स्मृतिपेशी, म्हणजे आधी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, रक्तातून फिरत राहतात. या मात्र जागा सोडत नाहीत. पृष्ठभागावरील सीडी६९ आणि अनेकदा सीडी१०३ या प्रथिनांवरून त्या ओळखल्या जातात.

मेंदू प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्याबाहेर असतो, असे बरीच वर्षे मानले जाई. त्यासाठी जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांच्या १९४८ च्या प्रयोगाचा दाखला देतात, पण बहुतेकदा अर्धाच. सशाच्या मेंदूत परक्या सशाची त्वचा टिकली, हे खरे. मात्र ज्या सशाच्या अंगावर तशी त्वचा आधी लावलेली होती, त्याच्या मेंदूतले कलम नष्ट झाले. एकदा ओळख पटली की प्रतिकारपेशी मेंदूतही पोहोचतात, हे तेव्हाच दिसले होते. त्या तिथे वस्तीला राहतात, हे २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मृत्यूपश्चात दान केलेल्या मानवी मेंदूंतही, मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या कडेला, अशा पेशी दाखवून दिल्या.

या पेशींचे खरे कसब चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल गुच्छिकेत पाहायला मिळते. ताप आला की काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात. ते उठवणारा हर्पीज सिंप्लेक्स विषाणू एरवी याच गुच्छिकेतल्या चेतापेशींमध्ये दडून असतो. टी पेशी त्या चेतापेशींना वेढून बसतात. विषाणूग्रस्त पेशी मारून टाकणे हा त्यांचा नेहमीचा खाक्या. पण मेलेल्या चेतापेशीची जागा सहसा दुसरी घेत नाही. इथे त्या वेगळेच करतात. उंदरांवरील २००८ च्या अभ्यासात दिसले, की टी पेशींनी सोडलेले ग्रँझाइम बी हे विकर (एन्झाइम) विषाणूला वाढीसाठी लागणारे आयसीपी४ प्रथिन तोडते, आणि चेतापेशी जिवंत राहते. विषाणू जात नाही, पण डोके वर काढू शकत नाही.

प्रतिकारपेशी स्वतःच्याच मेंदू व मज्जारज्जूवर हल्ला करतात त्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हाच मुक्काम घातक ठरू शकतो. या आजारातील मेंदूच्या व्रणांतही निवासी टी पेशी सापडतात. नॅटॅलिझुमॅब हे औषध नव्या टी पेशींना रक्तातून मेंदूत शिरण्यापासून अडवते, त्यामुळे आजाराचे झटके कमी होतात. आधीच आत बसलेल्यांना ते हुसकावत नाही. शिवाय बाहेरून येणारी कुमक थांबल्याने काही रुग्णांत जेसी हा एरवी निरुपद्रवी असणारा विषाणू मेंदूत फोफावतो आणि पीएमएल हा जिवावर बेतणारा आजार होतो.