गॅलन सगळीकडे सारखाच असतो का?

‘१ गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, जगात कुठेही’ असा तक्ता वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. आकडा खरा आहे, पण तो फक्त अमेरिकन गॅलनचा. ब्रिटिश म्हणजे इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा, सुमारे २० टक्क्यांनी मोठा. नाव एकच असल्यामुळे गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे.

हा फरक इतिहासातून आला. इंग्लंडमध्ये १७०७ साली वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला आणि अमेरिकेने तोच ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४ साली नवं माप घेतलं: १० पौंड पाणी मावेल तो गॅलन.

पडताळा घरीच करता येतो. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून १ घन इंच १६.३८७ मिलिलिटर. त्याला २३१ ने गुणा, ३७८५ मिलिलिटर येतील. दुसरीकडे १० पौंड म्हणजे ४.५३६ किलो, आणि एक किलो पाणी जवळपास एक लिटर भरतं. उत्तर साडेचार लिटरच्या किंचित वर जातं.

पाइंटचंही तसंच: अमेरिकन ४७३, ब्रिटिश ५६८ मिलिलिटर. गंमत म्हणजे द्रव औंस उलटा, ब्रिटिशच लहान (२८.४, अमेरिकन २९.६), कारण ब्रिटिश पाइंटमध्ये २० औंस असतात आणि अमेरिकन पाइंटमध्ये १६.

गाडीच्या मायलेजमध्ये ही चूक सर्वात महागात पडते. ब्रिटिश गॅलनला ४० मैल देणारी गाडी अमेरिकन गॅलनला सुमारे ३३ मैलच देते. म्हणून रूपांतर करण्याआधी मजकूर कुठल्या देशातला आहे, ते पाहा.