फर्मी गॅसचे हेलकावे आणि १.८३ चं भांडण

हिंगोलीकडं गुरुत्वीय लहरींचा प्रकल्प येणार म्हणल्यापासून आमच्या भागातली एमएस्सीची पोरं लेझरबद्दल लई विचारायलेत. त्यातल्याच एकानं परवा विचारलं की थंड केलेला फर्मी गॅस "हलतो" म्हणजे काय, म्हणून हे लिहितोय. फर्मी गॅस म्हणजे फर्मिऑन अणूंचा ढग, आणि दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत बसत नाहीत (पाउलीचा नियम), एवढं माहीत आहे असं धरतो.

बोसॉनच्या (एकाच अवस्थेत कितीही बसू शकणाऱ्या कणांच्या) ढगाचे हेलकावे १९९६ लाच मोजून झाले होते. फर्मिऑनला वेळ लागला, कारण एकाच स्पिनचे फर्मिऑन फार थंड झाले की एकमेकांना धडकतच नाहीत, आणि धडकाधडकी नसेल तर बाष्पीभवनानं थंड करणार कसं? १९९९ ला पोटॅशियम-४० दोन वेगळ्या स्पिनमधे ठेवून ते जमवलं. मग लिथियम-६ आलं, त्याला ८३० गॉसच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र लावलं की दोन स्पिनचे अणू एकमेकांवर जमेल तेवढा जोर लावतात.

खरी गंमत २००४ ची. अमेरिकेतल्या एका लॅबनं लेझरचा सापळा काही मायक्रोसेकंद बंद करून परत लावला, आणि ढग लोहाराच्या भात्यासारखा आत-बाहेर व्हायला लागला. फ्रिक्वेन्सी आली सापळ्याच्या आडव्या फ्रिक्वेन्सीच्या साधारण १.८३ पट, थिअरीच्या "हायड्रोडायनॅमिक" (म्हणजे ढग द्रवासारखा एकजुटीनं वाहतो असं धरलेल्या) आकड्याला जुळणारी. आता घोळ ह्याच शब्दाचा आहे. बरेच जण हायड्रोडायनॅमिक वाचलं की सुपरफ्लुइड, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव, समजतात. अरे, लातूरच्या रस्त्यावर अर्धा भरलेला टँकर खड्ड्यात आदळला की आतलं पाणी पण एकजुटीनं हेलकावतं, ते काय सुपरफ्लुइड असतं का! अणू एकमेकांना भरपूर धडकत असतील तर साध्या गॅसची फ्रिक्वेन्सी पण तीच येते. म्हणजे नुसत्या १.८३ वरून काहीच ठरत नाही. त्यात अजून एक, लांबट सापळ्यात अणू धडकतच नसतील तर आकडा २ येतो आणि अणूंच्या घट्ट जोड्यांचा बोस कंडेन्सेट (सगळ्या जोड्या एकाच अवस्थेत) असेल तरी २ च, म्हणजे दोन टोकं वेगळी आणि उत्तर एकच.

त्या अमेरिकन लॅबचा खरा मुद्दा डॅम्पिंगचा, म्हणजे हेलकावा किती लवकर विरतो त्याचा, होता. तापमान उतरवत नेलं तसा हेलकावा जास्त वेळ टिकला आणि फ्रिक्वेन्सी मात्र हायड्रोडायनॅमिकच राहिली, साध्या धडकाधडकीत असं व्हायला नको. त्यांनी सुपरफ्लुइडचा "पुरावा" असा शब्द वापरला, तो मला जरा घाईचा वाटतो, पण चुकीचा नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या गटाचे आडव्या हेलकाव्याचे आकडे थिअरीशी जुळत नव्हते, ते कोडं २००७ च्या बारीक मोजमापात सुटलं आणि साधी मीन-फील्ड थिअरी (प्रत्येक अणूवर बाकीच्यांचा सरासरी परिणाम धरणारी) मागं पडली.

सुपरफ्लुइड आहे का ही शंका मिटली ती २००५ ला, ढग फिरवून भोवऱ्यांची जाळी दिसली तेव्हा, कारण अशी जाळी सुपरफ्लुइडचीच खूण. मग २०१३ ला सेकंड साउंड, म्हणजे तापमानाची लहर, मोजली आणि तिच्यावरून सुपरफ्लुइडचा वाटा किती ते काढलं. २००४ ला हेलकाव्यातून जे ठामपणे म्हणता येत नव्हतं ते नऊ वर्षांनी लहरीतूनच निघालं.