बोल्ट रायफल : पहिली खरेदी व पारख (खानदेश)

प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढायचे आणि बोल्ट पुढे लोटून नवे नळीत बसवायचे, अशा रचनेची रायफल. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिचा परवाना मागताना पीकसंरक्षण किंवा स्वसंरक्षण हे कारण दिले जाते. मात्र शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रोह्याने (नीलगायीने) किंवा रानडुकराने उभे पीक लोळवले तरी, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार, वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही.

आधी परवाना, मग रायफल. शस्त्र अधिनियम १९५९ खाली अर्ज करणाऱ्याचे वय २१ पूर्ण हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. सातपुड्याच्या वाटेने येणाऱ्या गावठी कट्ट्याची स्वस्ताई थेट तुरुंगात नेते.

पहिल्या खरेदीत हमखास पुढे येते ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रायफल. तिची घडण ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीची, पण .३०३ हे सैन्याचे काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्याने बोअर वेगळा ठेवला गेला. भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे खरा, पण तो सैन्यासाठी. परवानाधारकाला आपली काडतुसे विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात, म्हणून त्या बोअरची काडतुसे नियमित मिळतात का हे रायफलीआधी विचारावे.

जुनी रायफल पाहताना पॉलिशला भुलू नये. नवे पॉलिश पुष्कळदा गंज झाकायलाच केलेले असते. मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर घ्यावा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे पाहावे. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार व सलग दिसले पाहिजेत. आत काळसर कडे दिसले तर नळी तिथे फुगलेली असू शकते; ती रायफल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. जुन्या काडतुसांच्या टोपीतले (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातले) क्षार बारानंतर धुतले गेले नाहीत की नळीत बारीक खड्डे पडतात. तोंडाकडची कड वेगळी तपासावी : वर्षानुवर्षे पुढून गज घालून साफ केलेल्या नळीची कड एका अंगाला झिजते, आणि बाकी सगळे ठाकठीक असूनही नेम फाकतो.

बोल्टवर आणि रायफलीच्या अंगावर क्रमांक ठोकलेले असतील तर ते जुळले पाहिजेत. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असल्यास काडतुसामागची जागा गेजने मोजून घ्यावी. ती वाढलेली असेल तर काडतूस फाटून गरम वायू तोंडावर येण्याचा धोका असतो. हे काम बंदूक कारागिराचे, डोळ्यांच्या अंदाजाचे नव्हे. सेफ्टी लावून चाप ओढावा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढावी : खटका (काडतुसाच्या टोपीवर आदळणारा भाग) पडला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

लाकडी दस्त्याकडे दुर्लक्ष होते. जळगावचा मे महिना लाकूड आकसवतो, पावसाळा फुगवतो. असे लाकूड नळीला एका बाजूने रेटू लागले की उन्हाळ्यात लावलेला नेम श्रावणात सरकतो. स्क्रूंजवळच्या चिरा याच खेचाखेचीतून पडतात.