बेचिराग की ओसाड? बडोद्याच्या जुन्या नकाशांची पार्श्वभूमी

बडोद्याच्या आसपासची जुनी इंची पत्रके, म्हणजे एका मैलाला एक इंच या प्रमाणाचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे, त्यांच्या क्रमांकात ४६ एफ या चौकटीतले, आता घरबसल्या पाहता येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी आणि लोकांसाठी नकाशांच्या वेगळ्या मालिका केल्या, २०२१ मध्ये परवानग्यांचा जाच बराच कमी झाला आणि गावचा इतिहास धुंडाळणाऱ्यांना मोठे साधन मिळाले. त्यासोबत एक घोटाळाही पसरला.

महसुली दफ्तरात ‘बेचिराग’ गाव असते. चिराग म्हणजे दिवा; जिथे दिवा लागत नाही ते बेचिराग. पण असे गाव मेलेले नसते. त्याचे नाव, त्याची सीम म्हणजे शिवार, त्याची आकारणी चालूच असते. शेजारच्या गावातले लोक येऊन जमीन कसतात. नकाशाच्या चिन्हसूचीत मात्र गावे वस्तीची किंवा ‘डेझर्टेड’. मोजणीदार घरे बघतो, तलाठी जमीन बघतो. त्यामुळे हिरव्यागार शिवाराचे गाव पत्रकावर ओसाड दिसते, आणि आपण ‘डेझर्टेड’चे भाषांतर ‘बेचिराग’ करून दोन्ही एकच मानतो. ही चूक साधी नाही, तिने कितीतरी गावांचा इतिहास बिघडवला आहे.

कारण गाव ओसाड दिसले की लगेच छप्पनियाच्या दुष्काळाकडे बोट जाते. संवत १९५६ च्या (इ.स. १८९९-१९००) त्या दुष्काळाचा घाव खरोखरच भयंकर होता: १८९१ ला बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती, १९०१ ला साडेएकोणीस लाखांवर आली. तरी प्रत्येक रिकामे ठिकाण त्याच्या खाती घालता येत नाही. मोजणीच्या दिवशी तिथे वस्ती नव्हती, एवढेच पत्रक सांगते. कधीपासून, ते नाही. त्यासाठी बाकीच्या खुणा वाचाव्या लागतात. पक्की विहीर, तलाव, देऊळ, आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे रिकाम्या जागी येऊन मिळणाऱ्या चार-पाच गाडवाटा. वापर सुटलेली वाट नांगराखाली जाते. ती टिकली असेल तर वस्ती उठून फार काळ झालेला नसावा, किंवा देवळासाठी तरी माणसांचे येणे-जाणे असावे.

राज्याची हद्दही बघायला हवी. बडोदे संस्थान एकसंध नव्हते, त्याचे महाल, म्हणजे तालुके, ब्रिटिश जिल्ह्यांत गुंतलेले. १९४९ च्या विलीनीकरणानंतर त्या रेषा गेल्या, आणि कोणती वस्ती हद्दीला लागून होती हे नव्या आवृत्त्यांवरून कळत नाही.

गोत्री, मांजलपूर, हरणी यांची जुनी पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. तिथे प्रत्येक गावाभोवती स्वतःची शेते आहेत. आज तिथे घरोघरी दिवे आहेत, सीम मात्र शोधूनही सापडत नाही.