न्यायालयात मनाबद्दल कोणी बोलायचं?

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह १८६४ सालचं आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही त्याच सालचं. एक गुन्हेगारांसाठी, दुसरं तेव्हाच्या भाषेत 'वेड्यां'साठी. या दोन्हींच्या मधे अडकलेल्या माणसाची दखल १८६० च्या दंडसंहितेने कलम ८४ मध्ये आधीच घेतली होती: मनोविकारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. आज हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. पण आरोपीच्या मनाची अवस्था सांगायला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राही तो डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ नव्हे.

अमेरिकेतही तीच रीत होती. १९६२ मध्ये जेन्किन्स खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं, की वैद्यकीय पदवी नाही एवढ्यावरून मानसशास्त्रज्ञाची साक्ष नाकारता येणार नाही. त्याच दशकाच्या शेवटी तिथे मानसशास्त्र आणि कायदा यांची स्वतंत्र सोसायटी निघाली. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने १९७७ ला कायदा आणि गुन्हेगारीशी निगडित कामासाठी वेगळा विभाग काढला. २००९ पासून तर तिथे नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला 'फोरेन्सिक सायकॉलॉजिस्ट', म्हणजे कोर्ट-तुरुंगाच्या कामातला मानसशास्त्रज्ञ, म्हणवता येत नाही. मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. चुकीचा अहवाल देणाऱ्याला जाब विचारणारं कुणीतरी तिथे आहे.

आपल्याकडे १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची, म्हणजे मनोविकारांची तपासणी आणि उपचार करणाऱ्यांची, नोंदणी आणली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या अनुसूचीत बाकीचे मानसशास्त्रज्ञ आले, पण तुरुंगात आणि कोर्टात काम करणाऱ्यांचं वेगळं नाव तिथे नाही.

काम मात्र वाढत गेलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को (औषध देऊन अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारणं), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) करायला मनाई केली. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने फाशीच्या कैद्यांची मानसिक तपासणी नियमित करायला सांगितलं. नागपूरच्या तुरुंगात फाशी यार्ड आहे, इथे हा निकाल कागदावरचा राहत नाही. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या मनोज निकालाने फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यांत शिक्षा ठरवण्याआधीच आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन मागितलं. त्याच जुलैत बाल न्याय मंडळांबाबत आदेश आला: सोळा वर्षांवरच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल आणि मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर मुलाच्या मानसिक क्षमतेचं मूल्यमापन करताना तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. त्या मुलाचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा की नाही, हे मंडळ ठरवतं ते या मूल्यमापनानंतर.