तीन तुकड्यांचं चाक आणि ‘फोर्ज्ड’ या शब्दाचा घोळ

तीन तुकडे बोल्टने जोडलेलं चाक भक्कम, की एकाच तुकड्यातून घडवलेलं? स्पोर्ट्स कारच्या चाकांचा विषय निघाला की वाद हमखास इथे येऊन अडतो. तीन तुकड्यांचं चाक ज्यांनी आणलं त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. त्यांची अडचण मापांची होती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेसिंगचे टायर झपाट्याने रुंद होत होते. टायर रुंद झाला की रिम रुंद हवी, रिम बदलली की ऑफसेट (चाक बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली ते अंतर) बदलणार, आणि ओतीव चाकाला प्रत्येक मापासाठी नवा साचा. त्यापेक्षा मधलं सेंटर (आऱ्यांचा भाग) तेच ठेवून त्याला हव्या त्या रुंदीची दोन बॅरल (रिमचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग) जोडणं स्वस्तात पडायचं. बॅरलसाठी अ‍ॅल्युमिनियमची चकती गरगर फिरवत रोलरने दाबून आकाराला आणतात (यालाच स्पिन करणं म्हणतात), त्यामुळे साच्याचा मोठा खर्च नाही. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख गावातल्या बीबीएस या कारखान्याने १९७२ मध्ये असं रेसिंग चाक काढलं. हा कारखाना जेमतेम दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला, तोही मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग बनवायला. शर्यतीत कड वाकली तर तेवढं बॅरल बदलायचं आणि सेंटर पुन्हा कामाला लावायचं. संघांना आणखी काय हवं होतं?

एकसंध घडीव चाक त्याच्याही आधीचं. १९६६ मध्ये पोर्शे ९११ एसवर आलेलं पाच पाकळ्यांचं चाक घडीवच होतं. पण हजारो टनांचा दाब देणारी प्रेस आणि प्रत्येक मापाची वेगळी डाय (दाबाचा साचा) हा खर्च गाडीचा कारखानाच पेलू शकतो, कारण त्याला एकाच मापाची हजारो चाकं लागतात. चार-पाच गाड्या पळवणाऱ्या संघाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

आता ‘फोर्ज्ड’, म्हणजे घडीव, या शब्दाकडे. मराठीत ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ असे दोन चोख शब्द आहेत आणि त्यांत गल्लत होत नाही. बाजारातल्या ‘फोर्ज्ड’मध्ये मात्र बरंच काही कोंबलेलं असतं. मूळ अर्थ असा, की मिश्रधातूचा तापलेला ठोकळा डायमध्ये दाबून जवळपास अंतिम आकारापर्यंत आणायचा. धातूचे कण आऱ्यांच्या दिशेने वळतात, ओतकामात राहणारी बारीक छिद्रं उरत नाहीत. ६०६१-टी६ या घडीव मिश्रधातूची ताणशक्ती सुमारे ३१० मेगापास्कल, तर ओतीव चाकांच्या ए३५६-टी६ ची साधारण २३० ते २६०. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जबर खड्ड्यात घडीव चाक बहुधा वाकतं आणि ओतीव तडकतं.

दुसऱ्या प्रकारात प्रेसमधून नुसती जाड, साधी थाळी निघते आणि नक्षी पुढे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, कोरली जाते. आरे कोरताना कणांची रेघ मध्येच कापली जाते, पण धातू घडीवच राहतो, त्यामुळे माझी इथे तक्रार नाही. तिसरा प्रकार ‘फोर्ज्ड थ्री-पीस’चा. त्यात घडीव असतं ते बहुतेकदा फक्त सेंटर, बॅरल स्पिन केलेली. विक्रेत्यांचं म्हणणं असं, की बॅरलचा धातूही लाटलेला आहे, ओतलेला नाही. मुद्दा बरोबर आहे. पण मग पाटीवर तसंच लिहावं. सर्वांत खटकणारा चौथा प्रकार: चाक ओतायचं, रिमचा भाग तापवून रोलरने ताणायचा आणि विकायचं ‘रोटरी फोर्ज्ड’ म्हणून. अशा ताणण्याने, म्हणजे फ्लो फॉर्मिंगने, रिम पातळ आणि मजबूत होते हे खरं, पण आरे शेवटपर्यंत ओतीवच राहतात. याला घडीव म्हणणं ही सरळसरळ धूळफेक आहे.

हा घोळ वाढला तो सीएनसी स्वस्त झाल्यावर. एकाच थाळीतून वेगवेगळी रुंदी, ऑफसेट, बोल्टचं वर्तुळ कोरता येऊ लागलं. एखाद्या गाडीसाठी चारच चाकं बनवायची तरी नवी डाय नको. तीन तुकड्यांच्या चाकाचा मूळ फायदाच तिथे गेला. दरम्यान १९९६ मध्ये जपानमधून टीई३७ हे सहा आऱ्यांचं एकसंध चाक आलं. त्याचं नावच वजनावरून: १५ इंची, ६ इंच रुंद चाक ३.७ किलोचं.

वजनात तीन तुकडे मार खातात ते नेमक्या नको त्या जागी. तिन्ही भागांच्या कडा एकमेकींवर बसतात तिथे धातू जास्त, वर तीसेक बोल्ट, आणि हे सगळं परिघाजवळ. १०० ग्रॅम मध्यापासून २० सेंटिमीटरवर असले तर ते १० सेंटिमीटरवरच्या १०० ग्रॅमच्या चौपट जडत्व दाखवतात.

दुसरं दुखणं सांध्याचं. टायरमधली हवा धरून ठेवतो तो सिलिकॉनचा पातळ थर. हवेचा दाब रोज दोन-तीन पीएसआयने उतरू लागला की सांध्यावर साबणाचं पाणी फवारायचं आणि वाट बघायची. एखाद्या बोल्टच्या बगलेला मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागतात. मग टायर उतरवा, सगळे बोल्ट काढा, स्टीलच्या बोल्टाखाली गंजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी घासून काढा, जुनं सिलिकॉन खरवडा, नवं भरा, समोरासमोरचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि हवा भरण्याआधी सिलिकॉन नीट सुकू द्या. एकसंध चाकवाल्याला यातलं काही करावं लागत नाही.

रेसिंगने कौल केव्हाच दिला. २०२२ मध्ये फॉर्म्युला वन १३ इंचांवरून १८ इंचांवर गेली, तीही घडीव मॅग्नेशियमच्या एकसंध चाकांवर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॅसकार या मोटार शर्यतींच्या मालिकेने पाच नटांची १५ इंची लोखंडी चाकं सोडून एका नटाची १८ इंची घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं घेतली.

तरी बोल्टांची ती माळ लोकांच्या नजरेतून उतरलेली नाही. एकसंध ओतीव चाकांवर काहीही न धरणारे शोभेचे बोल्ट बसवून ती आजही विकली जातात. आणि दुरुस्तीत तीन तुकड्यांचं चाक अजून भारी पडतं. एकसंध चाकाच्या रिमला तडा गेला आणि तो वेल्ड केला, तर त्या पट्ट्यातला उष्णोपचार (धातूला बळ देण्यासाठी केलेली तापवण्या-थंड करण्याची प्रक्रिया) वाया जातो, म्हणून शहाणा माणूस ते चाक भंगारात घालतो. उलट १९८३ साली आलेल्या बीबीएसच्या आरएस या प्रसिद्ध जाळीदार थ्री-पीसची सोळा इंची सेंटर आज सतरा इंची नव्या बॅरलमध्ये बसवून लोक गाडीला लावतात.