ईम्स हाऊस: कागदावरचे पहिले घर आणि बांधलेले दुसरे

जानेवारी 1945 मध्ये, महायुद्ध अजून चालू असतानाच, लॉस एंजेलिसच्या ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ मासिकाचे संपादक जॉन एंटेंझा यांनी ‘केस स्टडी हाऊस’ उपक्रम जाहीर केला. सैनिक परतणार, घरांचा तुटवडा पडणार, आणि युद्धासाठी उभे राहिलेले कारखाने रिकामे होणार, हा त्यामागचा हिशेब. वास्तुविशारदांनी नव्या साहित्यातून आणि नव्या पद्धतींनी अशी घरे आखायची, की त्यांची पुढे पुन्हा पुन्हा नक्कल करता येईल. नकाशे मासिकात छापले जाणार होते. प्रत्यक्ष घर मागाहून, जमल्यास.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकात क्रमांक 8 आणि 9 चे नकाशे आले. दोन्ही अमेरिकी डिझायनर चार्ल्स ईम्स आणि वास्तुविशारद एरो सारिनेन यांचे, शेजारशेजारच्या जागांवरचे, लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात समुद्राकडे पाहणाऱ्या पठारावर. 9 क्रमांकाचे घर खुद्द एंटेंझांसाठी, 8 चे, म्हणजेच ईम्स हाऊस, चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्यासाठी. साहित्य बहुतेक सारखेच, विचार मात्र उलट: एंटेंझांच्या घरात पोलादी सांगाडा आत झाकलेला, तर ईम्स यांच्या घरात तो उघडा.

8 क्रमांकाच्या या पहिल्या आराखड्याला ‘ब्रिज हाऊस’ म्हणतात. राहती जागा म्हणजे एक लांबट काचेची पेटी, टेकडीच्या उतारातून काटकोनात बाहेर काढलेली आणि बारीक पोलादी आधारांवर कुरणावर तरंगणारी. स्टुडिओ वेगळा, जमिनीवर. कागदावर हे अतिशय देखणे दिसते. छेदचित्रात, म्हणजे उभे कापून दाखवलेल्या नकाशात, तर घर जमिनीला शिवायलाच तयार नाही. पण इथेच पोलाद खर्ची पडते. लांब गाळा अधांतरी पेलायचा तर बरेचसे वजनदार पोलाद केवळ पेलण्यात जाते, आणि त्या बदल्यात राहायला जागा वाढत नाही.

युद्धानंतर पोलाद मिळेना, त्यामुळे काम जवळपास तीन वर्षे रखडले. त्या काळात ईम्स दांपत्य कुरणावर येऊन बसत असे. निलगिरीची जुनी रांग आणि मोकळे गवत हेच जागेचे वैभव, आणि आपले घर नेमके त्याच्या मधोमध येणार, हे त्यांच्या लक्षात आले. शिवाय 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आधुनिक वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. त्यात टेकडीवरून पुढे झेपावणाऱ्या काचेच्या घराचे एक रेखाटन होते, आणि त्याचे ब्रिज हाऊसशी साम्य लपण्यासारखे नव्हते. आराखडा बदलण्यात या दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा असावा असे आम्हाला वाटते. कुरणाची गोष्ट सांगायला अधिक गोड, एवढेच.

नव्या नकाशांत सारिनेन नाहीत. ते चार्ल्स आणि रे यांचे. घर 90 अंशांत वळवून उताराच्या पायथ्याशी, निलगिरीच्या रांगेमागे सरकवले. मागे उताराची माती अडवणारी, सुमारे 8 फूट उंचीची काँक्रीटची धरभिंत. मागच्या बाजूला खालचा मजला या भिंतीने पेलला आणि पोलाद तिच्या माथ्यापासून वर सुरू झाले. पुढच्या बाजूला खांब जमिनीपासून पूर्ण उंचीचे. खोदून निघालेल्या मातीचा बांध घालून एंटेंझांच्या घराकडची बाजू आडोशाला घेतली.

वाडा जसा खणांत मोजतात, तसे हे घर मोजता येते. एक खण 7 फूट 4 इंच रुंद, 20 फूट खोल, 17 फूट उंच. घराला असे 8 खण, मध्ये 4 खणांचे अंगण, पुढे स्टुडिओला 5: एकूण 17. खांब 4 इंची एच-आकाराचे, आणि छताला 12 इंच खोलीच्या जाळीदार पोलादी तुळया, 20 फुटांचा गाळा एका उडीत पार करणाऱ्या. या तुळया आणि वरचा पन्हळी पत्रा आतून उघडेच ठेवले. आडव्या जोराला तोंड देण्यासाठी काही खणांत बारीक सळ्यांच्या फुल्या. बाहेरून त्या सजावट वाटतात, पण त्या काढल्या तर इतका सडपातळ सांगाडा भूकंपात किंवा वाऱ्यात तिरका होईल.

खिडक्या कारखान्यांच्या कॅटलॉगमधल्या, तयार. नकाशात प्रत्येक सुटा भाग नव्याने आखण्याऐवजी त्याची जागा ठरवली: कुठे काच, कुठे प्लास्टर, कुठे रंगीत पॅनेल. अशा पद्धतीत चूक एका ठिकाणी थांबत नाही. पहिल्या खांबाची ओळ अर्धा इंच चुकली, तर तयार चौकट बसत नाही, आणि पोलाद लाकडासारखे रंधून कमी करता येत नाही.

पोलादी सांगाडा 5 कामगारांनी 16 तासांत उभा केला. छताचा पत्रा एकट्या माणसाने 3 दिवसांत बसवला. नव्या आराखड्याला जागेवर येऊन पडलेले जुनेच पोलाद पुरले, फक्त एक जादा तुळई लागली, असे नेहमी सांगितले जाते. ते अक्षरशः घेऊ नये. एका आराखड्यासाठी मागवलेले भाग दुसऱ्यात बसवायचे म्हणजे कापणे, नवी छिद्रे, वेल्डिंग हे आलेच. पण त्याच साहित्यात कितीतरी जास्त जागा बंदिस्त झाली, हा मुद्दा खरा: घर सुमारे 1,500 चौरस फूट, स्टुडिओ 1,000. 1949 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी दोघे राहायला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. चार्ल्स 1978 मध्ये गेले, रे 1988 मध्ये. (1958 मध्ये भारत सरकारसाठी ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिणारे आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला दिशा देणारे ते हेच.)

नक्कल करण्याजोगे घर ही मूळ अट मात्र साधली नाही. अमेरिकेतला घरबांधणीचा धंदा लाकडी चौकटीवरच राहिला. ईम्स हाऊसची दुखणीही याच बांधणीतून येतात. समुद्राची खारी हवा पोलादी चौकटींना गंजवते, गंज फुगला की काच तडकते, काच बसवायची लांबी (पुट्टी) कडक होऊन पाणी आत येते. एकेरी काचेमुळे उन्हाळी-हिवाळी तापमान आत थेट जाणवते. धरभिंतीमागे मुरलेले पाणी वेगळेच. लॉस एंजेलिसच्या गेटी कन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या वारसा-जतन संस्थेने 2019 मध्ये जतनाचा आराखडा प्रसिद्ध केला. जानेवारी 2025 च्या पॅलिसेड्स वणव्यातून घर वाचले, पण धुराची काजळी आत शिरली होती. ती साफ करून त्याच वर्षी उन्हाळ्यात ते पुन्हा उघडले. मूळ रेखाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील ईम्स संग्रहात आहेत.